टेक्निकल कम्युनिकेशनचा पेपर घेताना: बडोद्यातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

इंजिनिअरिंगच्या किंवा विज्ञानाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला ‘टेक्निकल कम्युनिकेशन’ किंवा ‘टेक्निकल रायटिंग’ नावाचा एक पेपर असतो. कुठे तो सक्तीचा, कुठे ऐच्छिक. बहुतेक मुलं त्याला ‘इंग्रजीचा पेपर’ म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ढकलतात. तिथेच तो हातचा जातो. हा पेपर इंग्रजीचा नाही. एखादा माणूस हातात पाना किंवा समोर स्क्रीन घेऊन उभा असताना त्याला नेमकं काय करायचं ते कळावं, यासाठी कसं लिहायचं, त्याचा हा पेपर आहे. इंग्रजी कच्चं असलेला विद्यार्थी यात उत्तम गुण मिळवू शकतो. उलट अस्खलित इंग्रजी बोलणारी मुलं पहिल्याच असाइनमेंटला अडकलेली दिसतात, कारण त्यांनी सूचनांच्या जागी निबंध लिहिलेला असतो.

बडोद्याच्या मराठी मुलाकडे या विषयाची अर्धी तयारी आधीच असते. घरी मराठी, दुकानात आणि वर्कशॉपमध्ये गुजराती, होस्टेलवर हिंदी, वर्गात इंग्रजी. एकच गोष्ट माणूस बघून वेगवेगळी सांगायची सवय त्याला लहानपणापासून असते. या पेपराचा पाया तोच आहे.

सेमिस्टर सुरू होण्याआधी

सिलॅबस आधी मिळवा आणि त्यातलं गुणांचं वाटप बघा. लेखी परीक्षेला किती, असाइनमेंटना किती, प्रेझेंटेशनला किती? असाइनमेंट आणि रिपोर्टचे गुण जास्त असतील तर हा पेपर दर आठवड्याला दोन-अडीच तास मागतो. शेवटच्या पंधरवड्यात तो उरकत नाही, कारण त्यात लिहून, दुसऱ्याला वापरायला देऊन, परत लिहायचं असतं आणि दुसऱ्या माणसाला त्याच्या सवडीनेच वेळ मिळतो.

कॉलेजात हा पेपर नसेल तर स्वयम्-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावर टेक्निकल रायटिंगशी संबंधित कोर्स फुकट शिकता येतात. त्यांची सत्रं जानेवारी आणि जुलैला सुरू होतात आणि कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी वेगळी भरावी लागते. निकालात २५ टक्के वजन असाइनमेंटना आणि ७५ टक्के परीक्षेला असतं. कॉलेज त्याचे क्रेडिट धरणार की नाही, हे नाव नोंदवण्याआधी विभागात लेखी विचारा. तोंडी ‘हो, धरतो’ वर विसंबून १२ आठवडे घालवू नका.

संगणकावर वर्ड किंवा लिबर ऑफिस पुरे. महागडी सॉफ्टवेअर या टप्प्यावर लागत नाहीत. इंग्रजी वाचन-लेखनाची भीती असेल तर गुगलचा टेक्निकल रायटिंगचा मोफत कोर्स आधी करून घ्या. तो सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी लिहिलेला असला तरी छोटी वाक्यं, कर्तरी प्रयोग, याद्या यांचा सराव सगळ्यांनाच उपयोगी पडतो.

पहिला आठवडा: वाचक ठरवा

प्रत्येक असाइनमेंटच्या वर, स्वतःपुरतं, चार ओळी लिहा. वाचणारा कोण? त्याला आधीपासून काय येतं? वाचताना तो कुठे उभा आहे? वाचून झाल्यावर त्याने काय करायचं आहे? तिसरा प्रश्न मुलं टाळतात आणि सगळं तिथेच बिघडतं. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये मशीनशेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरच्या हाताला तेल लागलेलं असतं, आवाज असतो, उजेड वरून येतो. त्याला १२ पानांची पुस्तिका देऊन उपयोग नाही. त्याला एकाच पानाचं, मोठ्या अक्षरांचं, प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड हवं. तेच मशीन विकत घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या मालकाला त्या कार्डाचा काही उपयोग नाही. त्याला खर्च, वीज आणि देखभालीचा तक्ता हवा. मशीन एकच असलं तरी लेखन दोन वेगळी होतात.

पहिली मोठी असाइनमेंट: सूचना लिहिणे

जवळजवळ प्रत्येक कोर्सात ‘इन्स्ट्रक्शन सेट’ असतो. विषय निवडताना दोन गोष्टी बघा: काम १० ते १५ मिनिटांत संपणारं असावं आणि चुकलं तर चूक डोळ्यांना दिसावी. चहा करण्याच्या सूचना लिहू नका, कारण वाचणाऱ्याला चहा करता येतोच, त्यामुळे तुमचं लेखन चुकलं तरी चहा होतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. घरातलं चांगलं उदाहरण म्हणजे सोसायटीच्या पंपाने हवा धरली, की त्यात पाणी भरून (म्हणजे प्रायमिंग करून) तो परत चालू करणे.

विद्यार्थी सहसा असं लिहितात:

‘पंपाने हवा धरल्यास योग्य त्या पद्धतीने प्रायमिंग करण्यात यावे व तद्नंतर पंप सुरू करण्यात यावा. मात्र त्यापूर्वी वीजपुरवठा खंडित असल्याची खात्री करून घेण्यात यावी.’

व्याकरणात चूक नाही, पण हे वाचून काम करणाऱ्याला शॉक बसू शकतो. विजेची गोष्ट शेवटी आली आहे आणि माणूस वाचत वाचत काम करतो, आधी सगळं वाचून मग करत नाही. ‘योग्य त्या पद्धतीने’ म्हणजे कोणत्या, हे लिहिलेलंच नाही. ‘करण्यात यावे’ मध्ये कोणी करायचं तेही नाही. आता हेच असं बघा:

हवा धरलेला पंप चालू करणे
लागणारे सामान: प्लगला बसणारा पाना, फनेल, ५ लिटर स्वच्छ पाणी.
आधी बघा: खालच्या टाकीत फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या खालच्या टोकाची झडप) पूर्ण बुडेल इतकं पाणी आहे का?
इशारा: विजेचा झटका बसून जीव जाऊ शकतो. मेन स्विच बंद केल्याशिवाय पंपाला हात लावू नका.
१. पंपाचा मेन स्विच बंद करा.
२. पंपाच्या डोक्यावरचा प्लग पान्याने डावीकडे फिरवून काढा.
३. फनेलने पाणी ओता. बुडबुडे थांबून पाणी प्लगच्या तोंडाशी स्थिर होईपर्यंत ओतत राहा. पाणी सतत खाली जात राहिलं तर थांबा: फूट व्हॉल्व्ह गळतो आहे, प्लंबरला बोलवा.
४. प्लग उजवीकडे फिरवून घट्ट बसवा.
सूचना: पंप कोरडा चालला तर आतलं मेकॅनिकल सील तापून खराब होतं.
५. मेन स्विच चालू करा.
६. एका मिनिटात वरच्या टाकीत पाणी पडायला लागलं नाही तर स्विच बंद करा आणि पायरी १ पासून परत करा.

यात काय काय बदललं ते नीट पाहा, कारण परीक्षकही तेच पाहतो. एका पायरीत एकच काम आहे. प्रत्येक पायरी क्रियापदाच्या आज्ञार्थावर संपते, इंग्रजीत ती क्रियापदाने सुरू होईल. ‘पुरेसं पाणी’ असं न म्हणता, पुरेसं झालं हे डोळ्यांना कसं कळेल ते सांगितलं आहे. इशारा त्या पायरीच्या आधी आहे, नंतर नाही. काम फसलं तर काय करायचं, हे फसण्याच्या जागीच दिलं आहे, शेवटी वेगळ्या परिच्छेदात नाही.

‘इशारा’ आणि ‘सूचना’ हे दोन शब्द मुद्दाम वेगळे आहेत. यंत्रांवरच्या धोक्याच्या चिठ्ठ्यांसाठी अमेरिकेचं एएनएसआय झेड-५३५ हे मानक बऱ्याच ठिकाणी पाळलं जातं. त्यात चार पातळ्या आहेत: टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, तिथे ‘डेंजर’, होऊ शकते, तिथे ‘वॉर्निंग’, किरकोळ किंवा मध्यम इजेला ‘कॉशन’, आणि माणसाला काही न होता फक्त वस्तूचं नुकसान असेल तिथे ‘नोटिस’. सील जळणं हे नोटिस आहे, शॉक बसणं वॉर्निंग. मुलं प्रत्येक ओळीवर ‘वॉर्निंग’ लिहितात. पाच ठिकाणी उगाच भीती दाखवली की सहाव्या, खऱ्या ठिकाणी वाचणारा लक्ष देत नाही.

वाक्याची लांबी किती असावी? विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी बनवलेल्या ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ या मानकात कृतीच्या वाक्याला जास्तीत जास्त २० शब्द आणि वर्णनाच्या वाक्याला २५ शब्द ठरवून दिले आहेत. हा आकडा लक्षात ठेवा. तुमचं वाक्य २० च्या पुढे गेलं, तर बहुधा त्यात दोन पायऱ्या लपलेल्या असतात.

तपासणी: बघा, बोलू नका

हा सगळ्या कोर्सातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. सूचना लिहून झाल्या की त्या, ते काम कधीच न केलेल्या माणसाला द्या. वर्गमित्राला नको, तो तुम्हाला काय म्हणायचं आहे ते ओळखून घेतो. दांडिया बाजारातल्या शेजारच्या काकू, रावपुऱ्यातला दुकानदार, सोसायटीचा वॉचमन, कोणीही चालेल. पंपासारखं विजेचं काम असेल तर वायर आधीच पूर्ण काढून ठेवा आणि फक्त पायरी ४ पर्यंतच तपासा.

कागद हातात दिल्यावर तुम्ही गप्प बसायचं. ‘तो नाही हो, शेजारचा प्लग’ असं तोंडातून निघालं की तपासणी संपली, कारण खऱ्या वापरात तुम्ही तिथे नसाल. वही घ्या आणि तीनच गोष्टी टिपा: हात कुठे थांबला, मागची ओळ परत कुठे वाचली, चूक कुठे झाली. हात थांबला म्हणजे तिथे माहिती कमी आहे. मागे वळून वाचलं म्हणजे क्रम चुकला आहे. चूक झाली म्हणजे शब्द दोन अर्थांचा आहे. तीन वेगवेगळ्या माणसांकडून हे करून घ्या आणि एकाच जागी दोघं अडखळले तर ती ओळ पुसून नव्याने लिहा, डागडुजी करू नका. या टिपणांची पानं असाइनमेंटला जोडा. बरेच प्राध्यापक त्यांनाच गुण देतात.

एका वस्तूला एकच शब्द

शाळेत मराठीच्या बाईंनी समानार्थी शब्द वापरायला शिकवलेलं असतं. इथे ती सवय सोडावी लागते. पहिल्या पायरीत ‘प्लग’, तिसरीत ‘बूच’ आणि चौथीत ‘झाकण’ म्हटलं तर वाचणारा तीन वस्तू शोधतो. लिहायला बसण्याआधी १० ते २० शब्दांची छोटी यादी करा: वस्तू, तिचं ठरलेलं नाव, गुजराती-मराठी-इंग्रजीतला शब्द. गटात काम असेल तर ही यादी पहिल्याच दिवशी सगळ्यांना पाठवा.

या गावाला ही गोष्ट नवी नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य होते आणि तिथे तांत्रिक विषय देशी भाषांतून शिकवले जात. राज्यकारभाराच्या शब्दांसाठी ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतला कोश १९३१ मध्ये निघाला. लेखनिक कोणत्याही भाषेचा असला तरी एका गोष्टीला एकच शब्द असावा, हाच त्यामागचा विचार. ज्या आवारात कलाभवन होतं तिथेच आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे.

मराठी कानाला चकवणारं इंग्रजी

चार-पाच जागीच घात होतो, त्या पाठ करा.

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ‘रिमूव्ह प्लग’ असं लिहिलं जातं. ‘रिमूव्ह द प्लग’ म्हणजे आधी सांगितलेला तोच. ‘रिमूव्ह अ प्लग’ म्हणजे अनेकांतला कोणताही एक. सूचनेत हा फरक पाना कुठे लावायचा, इतका मोठा असतो.

‘शुड’ टाळा. ते सक्ती आहे की सल्ला, कळत नाही. सक्ती असेल तर ‘मस्ट’, किंवा सरळ आज्ञार्थ. ‘मे’ हा शब्द परवानगीचा की शक्यतेचा, हेही संदिग्ध. परवानगीला ‘कॅन’, शक्यतेला ‘माइट’ वापरा.

‘डू द नीडफुल’ कधीच नको. समोरच्याने काय करायचं हेच त्यात नाही. त्याऐवजी काम, तारीख आणि वेळ लिहा.

तारीख ०४/०५ अशी लिहू नका. आपण ४ मे वाचतो, अमेरिकन माणूस ५ एप्रिल. महिन्याचं नाव अक्षरी लिहा. परदेशी वाचक असेल तर लाख-कोटी सोडून मिलियनमध्ये आकडा द्या.

एककं: आकडा आणि एकक यांच्यात एक जागा सोडा. रोमन चिन्हात लहान-मोठ्या अक्षराला अर्थ असतो. मिलिवॅटचा एम लहान, मेगावॅटचा मोठा आणि दोघांत एक अब्ज पटीचा फरक आहे. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या शहरात राहून किलोव्होल्टचा ‘के’ मोठा लिहिणं तर मुळीच शोभत नाही: लहान ‘के’ म्हणजे किलो, मोठा ‘के’ म्हणजे केल्विन.

रिपोर्ट

रिपोर्ट ज्या क्रमाने छापतात त्या क्रमाने लिहू नका. आधी पद्धत लिहा, कारण ती तुम्हाला माहीत आहे. मग हाती आलेले आकडे, तक्ते आणि आकृत्या. मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर आणि सारांश सगळ्यात शेवटी, १५० ते २५० शब्दांत. सारांशात ‘या अहवालात अमुकचा अभ्यास केला आहे’ असं लिहून थांबू नका. काय सापडलं तो आकडा सारांशातच द्या. घाईतला वाचक तेवढंच वाचतो.

वर्डमध्ये शीर्षकं हाताने ठळक करून मोठी करू नका. ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या स्टाइल लावा. मग अनुक्रमणिका आपोआप तयार होते. नवीन पान हवं तर वीस वेळा एंटर दाबायचं नाही, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. आकृती-तक्त्यांचे क्रमांक ‘इन्सर्ट कॅप्शन’ ने द्या आणि मजकुरात त्यांचा उल्लेख ‘क्रॉस-रेफरन्स’ ने करा. हाताने ‘आकृती ४’ लिहिलं आणि मध्ये एक आकृती घुसली, की पुढचे सगळे आकडे चुकतात. छापण्याआधी कंट्रोल-ए आणि मग एफ-९ दाबा, म्हणजे सगळे क्रमांक ताजे होतात. प्रचलित पद्धतीत तक्त्याचं शीर्षक वर आणि आकृतीचं खाली असतं. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर नाव आणि एकक हवंच.

नक्कल करण्याबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम स्पष्ट आहेत: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत. पण १० टक्के म्हणजे तेवढं उचलायची सवलत, असं समजू नका. एकाच परिच्छेदातलं संपूर्ण उचललेलं वाक्य प्राध्यापकाला टक्केवारी न बघताही दिसतं. एआयकडून मसुदा घेण्याबाबत कॉलेजचा नियम आधी विचारा. परवानगी असली तरी त्याने दिलेला प्रत्येक आकडा, विशेषतः टॉर्क, दाब, तापमान, मूळ पुस्तिकेत बघून मगच ठेवा. असे आकडे तो आत्मविश्वासाने चुकीचे देतो आणि वाचणारा त्या आकड्याने खरोखर बोल्ट आवळतो.

संदर्भासाठी विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी आहे, जुनं आणि मराठी काही हवं असेल तर मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय.

गटाचं काम आणि प्रेझेंटेशन

गटात प्रकरणं वाटून घेतली की रिपोर्ट चार जणांच्या चार आवाजांत होतो. कामं अशी वाटा: एक जण माहिती, एक लेखन, एक आकृत्या, एक तपासणी आणि शेवटी सगळा मजकूर एकाच हाताखालून जाऊ द्या. फाइलच्या नावात ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरंच-फायनल’ असं न लिहिता तारीख आणि क्रमांक लिहा.

प्रेझेंटेशनला मिनिटाला साधारण एक स्लाइड, अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. मागच्या बाकावर जाऊन स्वतः वाचून बघा. स्लाइडवरचंच वाचून दाखवू नका.

कोर्स संपताना हाती काय ठेवायचं

तीन नमुने जपून ठेवा: एक सूचनापत्र, एक रिपोर्ट, एक दुरुस्त केलेलं जुनं लेखन, आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी. नोकरीच्या मुलाखतीत तिसरा नमुनाच सर्वांत जास्त बोलतो, कारण तुम्ही विचार कसा करता ते त्यात दिसतं. एखाद्या कारखान्यात जाऊन त्यांच्या मशीनचं कार्ड बनवलं असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या, मशीनचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि नमुन्यातून कारखान्याचं नाव व मोजमापं काढून टाका. कार्ड मात्र त्यांना छापून, लॅमिनेट करून द्या. आठ दिवसांनी जाऊन बघा, ते मशीनजवळ टांगलेलं आहे की ड्रॉवरमध्ये पडलंय. ड्रॉवरमध्ये असेल तर ऑपरेटरला कारण विचारा आणि तो सांगेल तसं कार्ड परत लिहून द्या.